नाशिकची वाइनद्राक्षं: पाऊस, थंडी, मुरूम आणि छाटणीची तारीख

गोदाकाठ

नाशिकला ‘भारताचा नापा’ म्हणायची पद्धत पडली आहे. ऐकायला बरं वाटतं, पण बाग लावताना ही तुलना नुकसान करते, म्हणून हा धागा काढतो आहे.

नापा साधारण ३८ अंश उत्तर अक्षांशावर, बोर्दो ४५ वर आणि नाशिक २० वर. जगातल्या बहुतेक नावाजलेल्या वाइनपट्ट्या ३० ते ५० अंशांच्या मध्ये येतात. तिथे हिवाळ्यात पानं गळतात, वेल झोपते, वसंतात उठते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं काढतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. सोडून दिली तर बारा महिने पाला काढत राहील. हंगाम तिला आपण कात्रीनं लावून देतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी (नवी काडी तयार करायला), सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (घड काढायला) आणि जानेवारी ते मार्चमध्ये एकच पीक.

इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातून पुढे जे निघतं त्याकडे मात्र दुर्लक्ष होतं. युरोपात घड पिकताना हवा उन्हाकडून थंडीकडे चाललेली असते. पिकायला आठ दिवस जास्त लागले तर रात्री आणखी गार होतात आणि आंबटपणा टिकतो. आपल्याकडे उलटं आहे. जानेवारीत दिवसा २९-३० अंश, पहाटे १० च्या आसपास. मार्चमध्ये दिवसा ३५ आणि वर, पहाटे १६. म्हणजे आपले घड थंडीकडून उन्हाकडे पिकतात. मण्यातलं मॅलिक आम्ल उष्णतेत श्वसनात खर्च होतं, साखर चढत राहते, पीएच वर सरकतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. इथे उशिराचा प्रत्येक आठवडा महाग पडतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची आपल्या कामी येते. हजार मीटरला साडेसहा अंश धरले तर किनाऱ्यापेक्षा चारेक अंश कमी. पण खरा फायदा सह्याद्रीच्या आडोशाचा आहे. मान्सून गेला की हवा कोरडी होते, आकाश निरभ्र राहतं आणि रात्री जमीन झपाट्यानं निवते. दिवस-रात्रीत १८-२० अंशांचा फरक आपल्याला मिळतो तो यामुळे.

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तिथून ४५ किलोमीटरवर नाशिक शहरात सातशेच्या आसपास, पुढे सिन्नर-निफाडकडे पाचशेच्या घरात. इतक्या कमी अंतरात इतका फरक पडत असताना ‘नाशिकचं हवामान’ असं एका शब्दात सांगताच येत नाही. माझ्या मते जागा बघताना वर्षाच्या पावसाच्या आकड्याआधी पाऊस थांबण्याची तारीख विचारावी.

कादवा_खोरं

एकदम सहमत. एक भर घालतो. आपण पूर्व-पश्चिम फरक बोलतो, पण सातमाळा रांग विसरतो. रांगेच्या दक्षिणेला दिंडोरी, निफाड, चांदवडचा खालचा भाग, पाणी गोदावरीला. उत्तरेला कळवण, देवळा, सटाणा, पाणी गिरणा-मोसमला. तिकडे कसमादे (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) पट्ट्यात पाऊस कमी, म्हणून जुलै-ऑगस्टातच गोडी छाटणी करून डिसेंबरात अर्ली माल काढतात. खाण्याच्या द्राक्षाला भाव मिळतो म्हणून हे चालतं. वाइनसाठी त्याचा उपयोग नाही. त्या वेळापत्रकात घड ऑक्टोबरच्या उकाड्यात वाढतो आणि जानेवारीच्या गार रात्री यायच्या आत तयार होतो.

दिंडोरीचं बरं चाललंय त्यात धरणांचा वाटा मोठा. करंजवण, वाघाड, ओझरखेड, पालखेड. पावसाळ्यात पश्चिमेच्या डोंगरावर पडलेलं पाणी एप्रिल-मेमध्ये पूर्वेच्या बागेला मिळतं. पाऊस एकीकडे पडावा आणि बाग दुसरीकडे असावी, याहून सोयीची मांडणी द्राक्षाला नाही.

नवी_लागवड

निफाड तालुक्यात एक एकर भारी काळी जमीन आहे. सध्या थॉमसन (खाण्याचं द्राक्ष) आहे, डोक्यावरच्या आडव्या तारांच्या मांडवावर. तेच काढून शिराझ किंवा कॅबर्ने या वाइनच्या लाल जाती लावायचा विचार आहे. कंपनीशी करार होण्यासारखा आहे. खुंट (ज्यावर कलम करतात ती मुळाकडची वेल) डॉगरिजच ठेवावा का? जाणकारांनी सांगावं.

मुरूम

@नवी_लागवड, करारावर सही करायच्या आधी तीन खड्डे घ्या. एकाच कोपऱ्यात नको. वरच्या अंगाला एक, मध्ये एक, खालच्या अंगाला एक. प्रत्येक तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. बाजूची भिंत पाणी मारून साफ करा आणि थर बघा.

आपला सगळा जिल्हा बेसाल्टवर आहे. त्याच खडकाची झीज होऊन डोंगरउतारावर मुरूम राहिला आणि बारीक गाळ वाहून नदीकाठी काळी जमीन झाली. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. ऑक्टोबरात ती ओली गच्च असते, मुळांना हवा मिळत नाही. डिसेंबरातही खाली ओल धरून असते आणि आपल्याला वाइनद्राक्षाला पाण्याचा ताण द्यायचा असतो तेव्हा ताणच बसत नाही. शेंडा चालूच राहतो.

खड्ड्यात काय बघायचं:

पहिल्या दीड फुटात काळी आणि खाली मुरूम लागला तर उत्तम. तीन फुटांपर्यंत काळीच असेल तर वाइनसाठी मला ती जमीन नको वाटते. लावायचीच असेल तर बोद (वेलींच्या ओळीचा मातीचा वरंबा) दीड फूट उंच करा आणि खालच्या अंगाला चर काढा.

पांढरे खडे दिसले तर ती चुनखडी. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. मातीपरीक्षणात सामू (मातीचा पीएच) आणि क्षारतेबरोबर मुक्त चुनाही मागून घ्या, नुसता सामू पुरत नाही. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर गेला की लोह वेलीला मिळत नाही, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे चित्र ठरलेलं.

मग निचरा. खड्ड्याच्या तळाशी एक फूट खोल छोटा खळगा करा, भरा, रात्रभर मुरू द्या. सकाळी परत भरून तासाभरात पाणी किती उतरलं ते काठीवर खूण करून मोजा. तासाला एक इंचही उतरत नसेल तर पावसाळ्यात त्या मुळांचं काय होणार ते तिथेच दिसलं.

खुंटाचं: आपल्याकडे खुंटावर लागवड रुळली ती क्षार, चुना आणि पाणीटंचाईमुळे. युरोपात फायलोक्झेरा किडीमुळे खुंट आले, ती अडचण आपल्याकडे नाही. डॉगरिज खारं पाणी सोसतो पण फार जोमदार आहे. हलक्या मुरमावर हा जोम चालून जातो. भारी काळीवर डॉगरिज म्हणजे पाल्याचं जंगल. सावलीतल्या घडात हिरव्या मिरचीसारखा वास राहतो, कॅबर्नेत जास्तच, आणि काडीवरचे सावलीतले डोळे (जिथून फूट निघते) पुढच्या वर्षी घडाविना रिकामे निघतात. तुमच्या जमिनीला ११०-आर बघा. जोम मध्यम. चुना जास्त निघाला तर पॉल्सन ११०३ विचारात घ्या.

आणि मांडव ठेवू नका. वाइनला उभी तारेची पद्धत, ओळी उत्तर-दक्षिण, ८ बाय ४ फूट. एकरी १३६१ वेली बसतात.

नवी_लागवड

धन्यवाद. मांडव का नको? मांडवात घडाला ऊन लागत नाही, हे चांगलंच ना?

मुरूम

थॉमसनसाठी चांगलं. वाइनच्या लाल जातीला रंग आणि चव सालीत हवी, त्याला फुलोऱ्यापासून घडावर फिरता उजेड लागतो. मात्र थेट दुपारचं ऊन नको. उत्तर-दक्षिण ओळीत सकाळचं ऊन पूर्वेच्या बाजूला आणि दुपारचं पश्चिमेच्या बाजूला पडतं. म्हणून घडाभोवतीची पानं काढायची ती फक्त पूर्वेची. पश्चिमेची पानं राहू द्या. दोन्हीकडची काढली तर फेब्रुवारीच्या शेवटी पश्चिमेकडचे मणी भाजून तपकिरी पडतात आणि वाइनमध्ये मुरंब्यासारखा शिजका वास येतो. मण्यांचा आकार हरभऱ्याएवढा व्हायच्या आत पानं काढली तर साल उन्हाला सरावते, उशिरा काढली तर भाजते.

थंडगार_निफाड

निफाडची थंडी दर वर्षी बातमीत येते, पण कारण कुणी सांगत नाही. निफाड गोदावरी-कादवेच्या सखल भागात आहे. रात्री गार झालेली हवा जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली वाहत येऊन तिथे साठते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी म्हणूनच होतात. त्याच रात्री शंभर-दीडशे फूट वरच्या माळावर दोन-तीन अंश जास्त असू शकतात.

टेबल द्राक्षवाले या थंडीला घाबरतात, कारण थॉमसनच्या मण्यावर गुलाबी छटा येते, पिंक बेरी. निर्यातीचा माल बाद. त्यासाठी घडांना कागद लावतात. लाल वाइनद्राक्षाला हीच थंडी रंग देते. पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ होऊन रंग धरू लागल्यावर, रात्री गार असल्या की सालीतला रंग जपला जातो.

पण पाणी उतरायच्या आधी कडाका आला तर मण्यांची वाढ थांबते, आणि पोंगा अवस्थेत (डोळा फुटताना) आला तर फूट मागेपुढे होते. सखल भागात हिम पडायची शक्यता असेल त्या पहाटे ठिबक चालू ठेवतात आणि वाऱ्याच्या बाजूनं शेकोट्या करून धूर धरतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्याचा उपयोग होतो. बांधाला खालच्या अंगाला दाट सुरू किंवा शेवरीची भिंत असेल तर गार हवा बागेतच कोंडते. तिथे थोडी वाट मोकळी ठेवा. हा मुद्दा फार कमी लोक पाळतात.

उन्हाचा_हिशेब

@गोदाकाठ यांनी ‘उशिराचा आठवडा महाग’ म्हटलं, त्याला आकडे लावतो. द्राक्षवेल दहा अंशांच्या वरच वाढते असं धरून रोजच्या सरासरी तापमानातून १० वजा करायचे आणि बेरीज करत जायची. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरासरी २५ धरली तर रोजचे १५. डिसेंबर-जानेवारीत सरासरी २० म्हणजे रोजचे १०. फेब्रुवारीत २२ म्हणजे १२.

आता छाटणी २५ सप्टेंबरऐवजी १५ ऑक्टोबरला केली. वीस दिवस गेले, म्हणजे २० गुणिले १५, तीनशे अंश बुडाले. ते फेब्रुवारीत रोज १२ प्रमाणे भरून काढायला २५ दिवस लागतात. छाटणी वीस दिवस उशिरा, काढणी पंचवीस दिवस उशिरा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघणारी शिराझ थेट महिनाअखेर. कॅबर्ने तर मार्चच्या उन्हात.

विंकलर यांची कॅलिफोर्नियातली वर्गवारी इथे जशीच्या तशी लावू नका. ती एप्रिल ते ऑक्टोबर अशी सात महिन्यांची बेरीज आहे. आपलं पीक चार-साडेचार महिन्यांचं आणि तेही हिवाळ्यात. बारा महिन्यांचं ऊन मोजलं तर नाशिक वाइनच्या लायकच नाही असा निष्कर्ष निघेल.

दिंडोरीकर

हिशेब बरोबर, पण त्यावरून कुणी ५ सप्टेंबरला कात्री लावू नये! पश्चिम दिंडोरी, त्र्यंबक, इगतपुरीच्या बाजूला सप्टेंबरात पाऊस चालूच असतो. कोवळी फूट, रात्रभर ओलं पान आणि २०-२५ अंश तापमान मिळालं की केवडा (बुरशीचा रोग) ठरलेला. फुलोऱ्यात केवडा घडावर आला तर तो घड गेलाच, फवारणीनं परत येत नाही. शिवाय त्या काळात गळ आणि कुज.

२०१९ साली ऑक्टोबर संपता-संपता अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ वादळं आली आणि लवकर छाटलेल्या बागा फुलोऱ्यात सापडल्या. २०२३ मध्ये २६ नोव्हेंबरला गारपीट झाली. मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परततो, पण समुद्र महिनाभर मागे लागलेला असतो. म्हणून एकाच तारखेला सगळी बाग छाटू नका. सोव्हिन्यॉं ब्लां आणि शेनिन या पांढऱ्या जाती आधी, मग शिराझ, शेवटी कॅबर्ने, मध्ये सात-आठ दिवसांचं अंतर. एक पाऊस सगळ्यांना एकाच अवस्थेत गाठत नाही.

छाटणी झाल्या-झाल्या काड्या, ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या) आणि खोड एक टक्का बोर्डो मिश्रणानं धुवून घ्या. मोरचूद एक किलो, चांगला कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवायचे, एकत्र करून लोखंडी खिळा बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, अजून घाला.

गोदाकाठ

@दिंडोरीकर, मान्य. मी तारीख अलीकडे आणा म्हणालो नाही, पाऊस लवकर थांबतो ती जागा निवडा म्हणालो. संजेगावच्या बाजूला मुकणे धरणाजवळ वायनरी आहेत. तिथे पाऊस जास्त म्हणून कात्री उशिरा लागते, पण फेब्रुवारीही थोडा गार असतो. तिथला उशीर चालतो. तोच उशीर सिन्नरच्या माळावर चालत नाही.

सायनामाइड_सावधान

पेस्टिंगबद्दल कुणीच लिहिलं नाही. थंडीची झोप न मिळाल्यामुळे आपल्या वेलीत शेंड्याकडचाच डोळा फुटतो, मागचे मुके राहतात. म्हणून छाटणीनंतर ४८ तासांच्या आत हायड्रोजन सायनामाइड काडीच्या डोळ्यांवर लावतात, तेच पेस्टिंग. गरम हवेत लिटरला ३० मिली, थंडीत ४० मिलीपर्यंत. जास्त झालं तर काडीचे डोळे जळतात.

हे कळकळीनं लिहितोय: हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. आणि काम करणाऱ्यांनी आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवू नये. हे औषध शरीरात दारू पचू देत नाही. चेहरा लाल, छातीत धडधड, श्वास लागणं, माणूस दवाखान्यात जातो. मजुरांना हे सांगितलं जात नाही, सांगायलाच हवं.

खरड_आधी

सगळे ऑक्टोबरवर भांडताय. घड ऑक्टोबरात दिसतो, पण तयार मे-जूनमध्ये होतो. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांत डोळ्यात सूक्ष्मघड (पुढच्या घडाचा अंकुर) धरतो आणि त्याला लख्ख ऊन लागतं.

१० एप्रिलला खरड केली तर ही मुदत २० मे ते १९ जून. जवळजवळ सगळी उन्हात. ५ मेला केली तर १४ जून ते १४ जुलै, पूर्ण ढगाखाली. मग ऑक्टोबरात घड जिरतो, घडाच्या जागी बाळी (आधाराला गुंडाळणारा तंतू) निघते आणि लोक खताला दोष देतात. जास्त नत्र आणि जास्त पाण्यानं हेच होतं, म्हणून फूट सात पानांवर आली की पाचव्या पानावर शेंडा मारून सबकेन (पोटकाडी) करतात.

गोडी छाटणीआधी प्रत्येक जातीच्या दहा-पंधरा काड्या सूक्ष्मघड तपासणीला द्या. चौथ्या डोळ्यात घड असेल तर सहाव्यावर छाटायचं कारण नाही. उगाच पाला वाढतो.

अडचण एकच. एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवन रोज नऊ-दहा मिलिमीटर असतं आणि धरणं तळाला. ८ बाय ४ फुटांच्या वेलीला तीन चौरस मीटर जागा, एक मिलिमीटर म्हणजे तीन लिटर. नऊ मिलिमीटरचे ०.४ पट धरले तर वेलीला ११ लिटर, एकराला पंधरा हजार लिटर रोज. एवढं मे महिन्यात मिळणार असेल तरच एकर लावा.

तळघर

वायनरीच्या बाजूनं. पांढऱ्यासाठी २० ते २१ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), लालसाठी २३ ते २४, फसफसणाऱ्या वाइनसाठी १७-१८ लाच काढतात. पण आपल्याकडे नुसत्या ब्रिक्सवर काढणी ठरवली की चूक होते. जानेवारीअखेरपासून दर तिसऱ्या दिवशी, सकाळी एकाच वेळी, ओळीच्या दोन्ही बाजूंनी आणि घडाच्या वर-मध्ये-खाली असे दोनशे मणी घ्या. रस काढून ब्रिक्स, पीएच आणि एकूण आम्लता तिन्ही बघा. पांढऱ्यात पीएच ३.४ आणि लालमध्ये ३.६ ओलांडू लागला की साखर थोडी कमी असली तरी काढा.

काळ्या जमिनीतल्या रसात पोटॅशियम जास्त असतं. ते टार्टरिक आम्लाशी बांधलं जाऊन खाली बसतं आणि पीएच आणखी चढतो. चढलेल्या पीएचला सल्फर डायऑक्साइड नीट काम करत नाही, मग वाइन बिघडते. लिटरला एक ते दोन ग्रॅम टार्टरिक घालावं लागतं. ते आंबवणाच्या आधी घाला. नंतर घातलं तर चव वेगळीच सुटी राहते.

काढणी पहाटे दोन-तीनला बॅटरी लावून, उन्हं वर यायच्या आत संपवायची. क्रेट २० किलोच्या आत भरा, खालचे मणी फुटले तर तिथेच आंबायला लागतं. आणि गंधक! शेवटची गंधकाची फवारणी काढणीच्या आधी किमान पाच-सहा आठवडे. सालीवर राहिलेलं गंधक आंबवणात सडक्या अंड्याच्या वासाचं होतं. भुरी रोगासाठी जानेवारीत हात गंधकाकडेच जातो, त्याच वेळी पांढऱ्या जातीची काढणी जवळ आलेली असते.

नवी_लागवड

सगळ्यांचे आभार. म्हणजे आधी खड्डे, मग खुंट. एक राहिलं: पाणी उतरल्यावर काळीत ताण कसा द्यायचा?

मुरूम

भारीत ठिबक बंद करून दोन आठवड्यांनी परिणाम दिसतो, मुरमात चार दिवसांत. म्हणून तुमच्याकडे पाणी उतरायच्या आठ-दहा दिवस आधीच कमी करा. थेट बंद नको, सहा लिटरवरून तीन. शेंड्याकडे लक्ष ठेवा. शेंड्याची बाळी पुढच्या पानाच्या वर ताठ असेल तर वेल अजून पितेय. बाळी लोंबायला लागली आणि शेंडा थांबला की तीन लिटरवरच धरून ठेवा. दुपारी खालची पानं मलूल पडून सकाळी सावरत नसतील तर जास्त झालं, एकदा पाणी द्या. पण भरपूर नको, ताणलेल्या मण्याला एकदम पाणी मिळालं की साल तडकते.